टाचण्या, दोरा आणि भाऊबीजेनंतरची गाडी

पहिल्या दिवाळीचे सगळे आकडे मी फेकून दिले. चाळीस दिवस रोज रात्री जेवण झालं की फोन उघडायचा, खासगी बसच्या तिकिटासाठी बेळगाव ते पुणे टाकायचं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख निवडायची आणि पडद्यावर जो कमीत कमी भाव दिसेल तो वहीत उतरवायचा, असा नेम केला होता. नेम एक दिवसही चुकला नाही. पण जे मोजायचं होतं ते मी मोजतच नव्हते.

मी तेव्हा कोल्हापूरला एम.एस्सी. करत होते, विषय संख्याशास्त्र. शेवटच्या वर्षाला प्रकल्प द्यावा लागतो. वर्गातल्या बहुतेकांनी पाऊस, ऊस नाहीतर शेअरबाजार घेतला. मी तिकिटांचे भाव घेतले, कारण आमच्या घरात दर दिवाळीला त्यावरून वाद होतो. भाऊ पुण्यात नोकरीला. आईचं म्हणणं, महिनाभर आधी तिकीट काढावं. भावाचं म्हणणं, थांबलं की स्वस्त मिळतं. आणि या दोघांच्या मध्ये मामा, ज्याचं बेळगावात तिकीट बुकिंगचं लहानसं दुकान आहे. तो दोघांनाही "होय की" म्हणतो. वाद मिटवायचा तर आकडे हवेत, एवढाच माझा विचार होता.

वही घेऊन दुकानात गेले तेव्हा मामाने पहिल्याच पानावर बोट ठेवलं. "ही कुठल्या गाडीची किंमत गे?"

"सगळ्यात स्वस्त गाडीची."

"रोज तीच गाडी होती?"

नव्हती. स्वस्त गाडी भरली की ती यादीतून जाते आणि तिच्या वरची गाडी सगळ्यात स्वस्त ठरते. कुठल्याही मालकाने एक रुपया वाढवलेला नसतो, तरी माझ्या वहीत भाव शंभरने वाढलेला दिसतो. उलटही होतं. एखाद्याने जादा गाडी लावली की कमीत कमी भाव धाडकन खाली येतो. शिवाय एसी, बिगर एसी, बैठी सीट, खालची बर्थ, वरची बर्थ, सगळं एकाच रकान्यात. माझ्या फोनवर पहिल्यांदा बुकिंग करणाऱ्यांची सवलत वजा होऊन भाव दिसत होता आणि आईच्या फोनवर नाही, हे तर मला त्या दिवशी दुकानात बसल्यावर कळलं. चाळीस दिवसांची वही बाजूला ठेवली आणि प्रकल्प बघणाऱ्या मॅडमना सांगितलं की प्रकल्पाला एक दिवाळी जास्त लागेल. त्यांनी नुसती मान हलवली. त्यांना बहुतेक हे आधीच ठाऊक असावं.

दुसऱ्या वर्षी नियम कडक केले. एकाच मालकाची, एकाच वेळेची रात्रीची गाडी. फक्त खालची एकेरी बर्थ. फोनवरचा भाव घ्यायचाच नाही, मामाच्या काउंटरवर जो भाव सांगतात तो. रोजचीही गरज नव्हती, दर तीन दिवसांनी एक नोंद पुरे. तीस दिवस आधीपासून तीन दिवस आधीपर्यंत दहा नोंदी झाल्या. मग प्रवासाच्या दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी सातला एक. एकूण बारा. अशा सहा गाड्यांच्या नोंदी मी ठेवल्या, पण इथे एकाच गाडीबद्दल सांगते, कारण सगळं शिकले ते तिच्यावरच. रुपयांत भाव असे होते :

650, 700, 720, 690, 630, 800, 760, 900, 1150, 1100, 1400, 950.

आधी सरळ रेषा बसवली. नोंदीचा क्रमांक आडव्या अक्षावर, भाव उभ्या अक्षावर. रेषा म्हणाली, दर नोंदीला साधारण 54 रुपये वाढ, आणि महिनाभर आधीचा भाव 576 रुपये. 576 ला त्या गाडीचं तिकीट कुणीच विकलं नव्हतं, सगळ्यात कमी भाव 630 होता. मधले पंधरा दिवस भाव जवळजवळ जागचा हललेला नाही आणि शेवटच्या आठवड्यात उसळला आहे, यातलं काहीच रेषेला दिसत नाही. मग वक्र बसवून पाहिला. तिथे घात दोन घ्यायचा की तीन की चार, हे माझं मलाच ठरवायचं. आणि मी जसं ठरवीन तसं उत्तर बदलत होतं. हे मला आवडेना. भावाने विचारलं असतं की चार का, तर काय सांगणार होते?

मॅडमनी तेव्हा मोनोटोन रिग्रेशनचं नाव काढलं, म्हणजे एकाच दिशेने जाणारी आकृती आकड्यांना बसवणं. आयसोटोनिक असंही म्हणतात. त्यांनी ते ज्या तऱ्हेने सांगितलं ती माझ्या डोक्यात बसली : तुला या व्यवहाराबद्दल खात्रीने काय ठाऊक आहे? सरळ रेषा आहे हे ठाऊक आहे का? नाही. वक्राचा घात? नाही. तारीख जवळ येत जाते तसा भाव वाढतो किंवा तिथेच राहतो, खाली येत नाही, एवढं म्हणशील का? मी म्हटलं, म्हणेन. "मग तेवढंच धर," त्या म्हणाल्या, "बाकी आकड्यांना ठरवू दे."

म्हणजे सूत्राचा आकार आधी ठरवायचा नाही, म्हणून नॉनपॅरामेट्रिक. अट एकच, उतरायचं नाही. ही अट पाळणाऱ्या सगळ्या आकृत्यांमधून जी आपल्या आकड्यांच्या सगळ्यात जवळ जाते, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज जिची सगळ्यात कमी, ती निवडायची. अशी आकृती एकच असते आणि ती हाताने काढता येते. ही रीत पाच जणांनी मिळून लिहिलेल्या 1955 च्या एका निबंधात आहे. आयर, ब्रंक, युइंग, रीड आणि सिल्व्हरमन ही त्यांची नावं. इंग्रजीत तिला पूल अ‍ॅडजेसंट व्हायोलेटर्स म्हणतात, म्हणजे नियम मोडणाऱ्या शेजाऱ्यांना एकत्र करा. आता आर नावाच्या संगणक प्रणालीत आयसोरेग लिहिलं की क्षणात उत्तर येतं. पण मॅडमची अट होती, आधी कागदावर.

कागद म्हणजे मामाच्या पावतीपुस्तकाची मागची बाजू. दुपारची वेळ, काउंटरवर कुणी नव्हतं.

650 आणि 700, ठीक, चढतंय. 720, ठीक. 690 आलं, उतरलं. तेव्हा 720 आणि 690 एकत्र, सरासरी 705, दोघांनाही 705. पुढे 630. परत उतरलं. आता तिघे एकत्र : 720, 690, 630 यांची सरासरी 680. पण मागे वळून पाहिलं तर 700 बसलंय आणि 700 हे 680 पेक्षा जास्त. म्हणजे तेही यात घ्या. चौघांची बेरीज 2740, सरासरी 685. मागचं 650, ते 685 पेक्षा कमी, भांडण नाही. पुढे चला.

मामाला यातलं मागे वळणं फार पटलं. "शेजाऱ्यांचं भांडण लागलं की दोघांना एका ताटात जेवायला बसवायचं," तो म्हणाला, "आणि ते बसले की पलीकडच्या घरात भांडण सुरू होतंय, मग त्यालाबी बोलवायचं." याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

800 आणि 760 यांचे 780. 900 एकटा. 1150 आणि 1100 यांचे 1125. 1400 आणि 950 यांचे 1175. शेवटी जे उरलं ते असं : पहिली पायरी 650, मग चार नोंदींची लांबलचक पायरी 685, मग 780, 900, 1125 आणि सगळ्यात वर 1175.

पायऱ्या पाहून मला चंदगडची एसटी आठवली. लहानपणी आजोळी जाताना बाचीनंतर शिनोळी आली की कर्नाटकाची हद्द संपून महाराष्ट्राची लागायची आणि पाट्यांची लिपीही बदलायची. महाराष्ट्राच्या एसटीचं भाडं टप्प्यांनी वाढतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. टप्प्यात कुठेही उतरा, भाडं तेवढंच, आणि टप्पा ओलांडला की एकदम पुढचं. अंतर वाढलं म्हणून भाडं कधी कमी होत नाही. आयसोटोनिक रिग्रेशन म्हणजे टप्प्यांचा तक्ता हरवलेला आहे आणि नुसत्या तिकिटांवरून टप्पे कुठे असतील ते शोधायचं आहे, असं मी प्रकल्पात लिहिलं. मॅडमनी त्या वाक्याखाली रेघ मारली, पण खोडलं नाही. रेल्वेचं उदाहरण तर आणखी सरळ आहे. राजधानी, दुरांतो आणि शताब्दीला 9 सप्टेंबर 2016 पासून फ्लेक्सी भाडं लागलं, दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाड्यात दहा टक्के वाढ, ठरावीक मर्यादेपर्यंत. तिथे पायऱ्या सरकारनेच छापून दिल्या होत्या. खासगी गाडीच्या पायऱ्या मालकाच्या डोक्यात असतात.

आता पुठ्ठ्याची गोष्ट. मॅडमनी सांगितलं होतं की हेच उत्तर दोऱ्यानेही निघतं. भाव एकामागून एक बेरजेत मिळवत जायचे, त्या बेरजा आलेखावर टिंबांनी दाखवायच्या, आणि टिंबांच्या खालून दोरा ताणायचा. दोरा जिथे टिंबाला टेकतो तिथे पायरी बदलते, आणि दोन टेकींमधला दोऱ्याचा चढ हा त्या पायरीचा भाव. मला खरं वाटेना. मामाच्या दुकानामागे टीव्हीचं रिकामं खोकं होतं, त्याची एक बाजू कापली. टाचण्या स्टेशनरीच्या दुकानातून, पांढरा दोरा मामीच्या शिलाईच्या डब्यातून.

पहिला प्रयत्न फसला. बेरीज शेवटी 10450 होते आणि तेवढ्या उंचीवर सगळ्या टाचण्या जवळजवळ एका रेषेत दिसतात, वाक कुठेच कळत नाही. मग प्रत्येक भावातून 600 वजा केले. बेरजा आल्या 50, 150, 270, 360, 390, 590, 750, 1050, 1600, 2100, 2900, 3250. शंभर रुपयांना एक सेंटीमीटर उंची आणि प्रत्येक नोंदीला चार सेंटीमीटर आडवं. शून्यावर एक टाचणी रोवली, शेवटच्या टाचणीला दुसरं टोक बांधलं, दोरा सगळ्यांच्या खालून घेतला आणि ओढला. दोरा पहिल्या, पाचव्या, सातव्या, आठव्या आणि दहाव्या टाचणीला टेकला. नेमक्या त्याच जागा. चढ मोजला : 50, 85, 180, 300, 525, 575. वजा केलेले 600 परत मिळवले की आमच्या पायऱ्या. मी दुकानात टाळी वाजवली. एक काका आत येऊन निपाणीचं तिकीट विचारत होते, ते जरा बिचकले.

मामा मात्र पुठ्ठ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहत होता. "बाकीच्या टाचण्या दोऱ्याला चिकटून आहेत. फार तर अर्धा सेंटीमीटर लांब. ही एक अशी कशी काय?"

अकरावी टाचणी, म्हणजे प्रवासाच्या दिवशी सकाळची, दोऱ्यापासून सव्वादोन सेंटीमीटर वर होती.

घरी येऊन उरलेल्या फरकांचे वर्ग काढले. बाराही नोंदींचे मिळून 1,07,800. त्यातले 1,01,250 शेवटच्या दोन नोंदींचे. म्हणजे माझी आकृती इतर दहा ठिकाणी जवळजवळ बिनचूक होती आणि सगळी चूक एकाच जागी साठली होती. सकाळी 1400 आणि संध्याकाळी 950 या दोन नोंदींना मी एका ताटात बसवून 1175 केलं होतं. 1175 ला त्या दिवशी कुणीही तिकीट घेतलं नव्हतं. उतरायचं नाही ही अट मी घातली होती, रीतीने ती इमानाने पाळली, आणि पाळताना दिवसातली सगळ्यात महत्त्वाची घडामोड पुसून टाकली. सरळ रेषेला मी 576 साठी नावं ठेवली होती. इथे तेच झालं होतं, फक्त जरा उशिरा.

मामाला विचारलं, संध्याकाळी भाव का पडला.

"यंदा सगळ्यांनीच जादा गाड्या लावल्या. सहा वाजले तरी आठ बर्थ मोकळ्या. गाडी मोकळी न्या नाहीतर भरून न्या, डिझेल तेवढंच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच, कोगनोळीचा टोलबी तेवढाच. मग साडेनऊशे काय वाईट हाय?"

"मग सकाळी चौदाशे का?"

"सकाळी येतंय ते घाईचं गिऱ्हाईक. त्याला जायलाच पाहिजे असतंय."

हा व्यवहार पुस्तकातही आहे. केन लिटलवुड नावाचा एक माणूस बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीत होता, त्याने 1972 मध्ये नियम मांडला : स्वस्त गिऱ्हाइकाला जागा द्यावी तोपर्यंतच, जोपर्यंत स्वस्त भाव हा महाग भाव गुणिले ती जागा महागात जाण्याची शक्यता यापेक्षा कमी नाही. आमच्या गाडीला लावून पाहिलं. 650 भागिले 1400 म्हणजे साधारण 0.46. म्हणजे शेवटची बर्थ चौदाशेला जाण्याची शक्यता 46 टक्क्यांपेक्षा जास्त वाटली तर महिनाभर आधी येणाऱ्याला 650 मध्ये ती देऊ नये. मामा दर दिवाळीला दोन खालच्या बर्थ "साहेबांसाठी ठेवल्यात" म्हणून राखतो. साहेब कोण, हे कधीच कळलेलं नाही. आता कळलं. आणि याच हिशोबाची दुसरी बाजू संध्याकाळी सातला दिसते. घाईचं गिऱ्हाईक येण्याची शक्यता शून्याकडे गेली की राखलेल्या जागेची किंमतही जाते.

म्हणून आकृती बदलली. चढतं आणि मग एका जागेनंतर उतरतं, अशी अट घातली. शिखर कुठे असेल ते आधी न ठरवता प्रत्येक नोंद शिखर धरून पाहायची, डावीकडे चढती पायऱ्यांची रीत लावायची, उजवीकडे उतरती, आणि जिथे फरक सगळ्यात कमी ते शिखर. बारा नोंदी, बारा वेळा करायचं. शिखर अकराव्या नोंदीवर आलं, 1400 आणि 950 आपापल्या जागी राहिले, फरकांची बेरीज 6,550 वर आली. बाकीच्या पाच गाड्यांना हीच रीत लावली. तिघींमध्ये संध्याकाळी भाव उतरला, दोघींमध्ये नाही. त्या दोन गाड्या सकाळीच भरल्या होत्या, संध्याकाळी विकायला काही नव्हतंच, म्हणजे भाव चढला की उतरला हे विचारण्यात अर्थ नाही. अशा नोंदीला शून्यही लिहायचं नाही आणि मागचा भावही पुढे ओढायचा नाही. जागा कोरी सोडायची. हे लिहायला एक ओळ लागते, पण माझा एक आठवडा त्यात गेला.

शून्यावरून आठवलं. सरकारी गाड्याही तुलनेला घ्याव्यात असा मूळ बेत होता. तो पहिल्या दिवशीच मोडला. कर्नाटकात 11 जून 2023 पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत, कंडक्टर झिरो तिकीट फाडून देतो. महाराष्ट्राच्या एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, पण हद्दीपर्यंतच. एका घरातले आई, भाऊ आणि मी एकाच रस्त्याने निघालो तरी आम्हा दोघींचं भाडं वेगळं आणि भावाचं वेगळं, आणि किती ते कोणत्या राज्याची बस मिळाली त्यावर अवलंबून. तारखेशी त्यांचा काहीच संबंध नाही. तो रकाना मी वहीतून काढला. आईला मात्र तोच एक रकाना महत्त्वाचा वाटला होता.

खरी चपराक पुढे होती. प्रकल्पात आकृतीबरोबर खात्रीचा पट्टा द्यावा लागतो, म्हणजे भाव 685 आला तर तो साधारण किती ते किती असू शकतो. मला बूटस्ट्रॅप येत होतं : आपल्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या काढायच्या, प्रत्येक वेळी पायऱ्या बसवायच्या, आणि उत्तरं किती पसरतात ते पाहायचं. सहाही गाड्यांच्या नोंदी एकत्र करून हजार वेळा केलं. पट्टा सुंदर आला, अरुंद आणि गुळगुळीत. रंगीत छापून मॅडमकडे नेला.

"हे इथे चालत नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं कोडमध्ये चूक असेल. कोड बरोबर होता. पायऱ्यांच्या रीतीला साधं बूटस्ट्रॅप लागूच पडत नाही, नोंदी कितीही वाढवल्या तरी पट्टा बरोबर होत नाही. कारण मुळात आहे. साध्या सरासरीत चूक निम्मी करायची तर चौपट नोंदी पुरतात. इथे आठपट लागतात, कारण चूक नोंदींच्या घनमुळाच्या वेगाने कमी होते. आणि किती मोठी चूक किती वेळा येते याचं वाटप नेहमीच्या घंटेच्या आकाराचं नसतं, त्याला चेर्नॉफचं वाटप म्हणतात. घनमुळाच्या या दुनियेत फार लवकर पोचलेल्यांपैकी एक आपल्याकडचे. बी. एल. एस. प्रकाश राव यांचा 1969 चा निबंध 'संख्या' या नियतकालिकात आहे, तेच नियतकालिक जे संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी 1933 मध्ये सुरू केलं. तो निबंध किमतींवर नाही, घनतेच्या, म्हणजे आकडे कुठे किती दाटीने येतात त्याच्या, अंदाजावर आहे, पण पायऱ्या त्याच. मला तो अर्धामुर्धा कळला. जेवढा कळला तेवढ्यावरून पट्टा मागे घेतला. त्याऐवजी दरवेळी सगळ्या नोंदी न घेता थोड्याच घेऊन चिठ्ठ्या काढण्याची रीत वापरली. पट्टा दुप्पट रुंद आणि ओबडधोबड आला. मॅडमनी खाली स्वतःच्या हाताने लिहायला लावलं की एकाच गाडीचे लागोपाठचे भाव एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, तेव्हा हाही पट्टा जपून वाचावा. दोन्ही टोकांना तर फारच जपून, कारण पहिल्या आणि शेवटच्या नोंदीला एकाच बाजूला शेजारी असतो. माझी 650 ची पहिली पायरी एका नोंदीवर उभी होती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एकच प्रश्न विचारला. आडव्या अक्षावर नोंदीच्या क्रमांकाऐवजी त्याचा लॉग घेतला असता तर? मी म्हटलं, पायऱ्यांची उंची तीच राहील, कारण रीत फक्त क्रम पाहते, अंतर नाही. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मला वाटतं त्यांना जेवायला जायचं होतं.

भावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग तिकीट कधी काढू ते सांग की."

सांगितलं. सत्तावीस दिवसांपासून अठरा दिवसांपर्यंत एकच पायरी आहे. त्या दहा दिवसांत कधीही काढ, पाच-पन्नास रुपयांच्या चढउताराला भिऊ नकोस. लक्षात ठेवायला सोपं हवं तर दसऱ्याला काढ, भाऊबीजेनंतरची गाडी तिथून साधारण तेवीस दिवसांवर असते. सोनं वाटून झालं की फोन घे हातात. आईला हे एकदम पटलं. तिला वाटतं मी तिच्याच बाजूने निकाल दिला.

यंदा दसऱ्याला भावाने फोन घेतला नाही. त्याच्या डोक्यात साडेनऊशे बसले होते. चार गाड्यांत उतरला, दोन गाड्या आधीच भरल्या, हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं. पण माणूस आपल्याला हवी तीच टाचणी बघतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला तो बॅग घेऊन मामाच्या दुकानात उभा. यंदा मालकांनी जादा गाड्या लावल्या नव्हत्या, गेल्या वर्षी हात पोळले होते. मामाने तीन ठिकाणी फोन फिरवले. एका गाडीत एक बर्थ होती, शेवटची, वरची, चाकावरची. 1500.

भाऊ गेल्यावर मामाने वही पुढे केली. "लिही. सातची नोंद."

मी म्हटलं, ती वरची बर्थ आहे, आपला रकाना खालच्या बर्थचा आहे, यात बसत नाही.

"पैसे तर दिले की त्यानं," मामा म्हणाला, आणि वही तशीच उघडी धरून उभा राहिला. शेवटी समासात लिहिलं.